‘माझी गाडी थेफ्ट झाली’ असं इंग्रजीत लिहू नका, स्टील-स्टोलन-रॉब कुठं कसं वापरायचं ते सांगतो

आमच्या काकाजींची गाडी तालुक्याच्या आठवडी बाजारातून चोरीला गेली तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. ढेपीच्या दुकानापाशी गाडी लावली, कांदे-लसण घेऊन परत आले तर गाडीच्या जागी फक्त ऑइलचे दोन थेंब आणि मातीत साइड स्टँडचा खळगा. काकाजी तिथंच उभे, हातात थैली, कोणाले इचारावं तेही सुचेना. पोलीस स्टेशनला फिर्याद झाली, मराठीतच झाली, त्यात काही अडचण आली नाही. अडचण आली पुढं, विमा कंपनीला इंग्रजीत पत्र द्यायचं होतं आणि ते बाजारातल्या एका कॉम्प्युटरवाल्या पोरानं टाइप करून दिलं, "माय बाइक इज मिस्ड इन मार्केट अँड थेफ्ट बाय थीफ." कंपनीनं उलट विचारलं की गाडी हरवली का चोरीला गेली ते स्पष्ट लिहा, फिर्यादीत चोरी आहे तर पत्रात मिस्ड काहून. एका शब्दापायी तीन चकरा, आणि सोयाबीन सोंगायचे दिवस, प्रत्येक चकरेला वावरातलं काम बुडालं ते वेगळंच.

त्या पोराची पण चूक म्हणत नाही मी, आपल्या सगळ्यांचंच असं होतं, कारण मराठीत आपण "गाडी चोरली" कमी म्हणतो आणि "गाडी चोरीला गेली" जास्त म्हणतो. म्हणजे डोक्यात आधी येतो तो शब्द ‘चोरी’, आणि चोरीला इंग्रजीत थेफ्ट म्हणतात हे पाठ असतं, मग झालं, "माय बाइक इज थेफ्ट", "माय मोबाइल गॉट थेफ्ट". त्याचा अर्थ होतो "माझी गाडी चोरी आहे". असं आपण मराठीत कधी म्हणू का?

हे डोक्यात पक्कं बसवायला मी माझ्या पुतणीला कापसाचं उदाहरण दिलं आणि तिला ते लगेच समजलं. कापसाची वेचणी असते, आपण कापूस वेचतो, आणि बैलबंडीत भरतो तो वेचलेला कापूस. थेफ्ट म्हणजे वेचणीसारखा शब्द, कामाचं नाव. स्टील म्हणजे वेचणे, ते काम करणं. स्टोल म्हणजे वेचला, काम होऊन गेलं. स्टोलन म्हणजे वेचलेला, वेचला गेलेला. "माझा कापूस वेचणी आहे" असं कोणी म्हणत नाही, तसंच "माय बाइक इज थेफ्ट" नाही म्हणायचं. आणि थीफ म्हणजे चोर माणूस, एकापेक्षा जास्त असले की थीव्ज, तिथं फचा व्ह होतो, थीफ्स नाही.

मग लिहायचं काय, तर "माय बाइक वॉज स्टोलन." बस्स. "चोरीला गेली" याला इंग्रजीत याहून चांगलं वाक्य नाही. कोणी नेली माहीत नसतंच ना, त्यामुळं चोराचं नाव घ्यायची गरज पडत नाही, पेपरात "अज्ञात चोरट्यांनी" छापतात तसं लिहायचं असेल तर शेवटी "बाय अननोन पर्सन्स" जोडायचं. तारीख सांगत असाल तर वॉज स्टोलन, म्हणजे "इट वॉज स्टोलन ऑन फ्रायडे", आणि तारीख न सांगता नुसतं कळवायचं असेल की बापा गाडी चोरीला गेली आहे तर "माय बाइक हॅज बीन स्टोलन". हॅज बीन लावलं की तारीख त्याच वाक्यात घालायची नाही, एवढं पाळा. बोलताना लोक "गॉट स्टोलन" पण म्हणतात, ते चालतं, पण अर्जात वॉजच बरं दिसतं. आणि "आय वॉज स्टोलन" असं चुकून पण नका लिहू, त्याचा अर्थ मलाच चोरून नेलं.

स्पेलिंगकडं नीट लक्ष द्या, कारण हा शब्द आपल्या घरातल्या भांड्याच्या स्टीलसारखाच ऐकू येतो, उच्चारात काहीच फरक नाही. भांड्याच्या स्टीलमध्ये डबल ई आहे आणि चोरीच्या स्टीलमध्ये एस, टी, ई, ए, एल. मोबाइलवर बोलून टाइप करत असाल तर तो हमखास भांड्याचं स्टील लिहून मोकळा होतो. भूतकाळातल्या स्टोलचं पण तसंच, पोरी उन्हाचा तोंडाला बांधतात त्या स्टोलचा उच्चार तोच आणि स्पेलिंगही तेच, तिथं वाक्यावरूनच ओळखायचं. आणि "स्टील्ड" असा शब्द चोरीसाठी इंग्रजीत नाही, दरवेळी मागं ईडी लावायची सवय इथं कामाची नाही.

आता हरवणे आणि चोरी. हे मी मुद्दाम वेगळं सांगतो, कारण यात नुकसान होतं. बसमध्ये मोबाइल गेला, खिशातून पडला का कोणी काढला हे खरंच माहीत नाही, तर लॉस्ट लिहिणं प्रामाणिक आहे. पण चार्जिंगला लावलेला मोबाइल दुकानातून गायब झाला तर तो स्टोलन आहे, तिथं कोणी समोरून म्हटलं की "हरवला असं लिहून द्या, काम लवकर होते," तर लिहून देऊ नका, तुम्हीच हरवल्याचं लिहून दिल्यावर मागून चोरी म्हणणं फार कठीण जातं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर मोबाइल ब्लॉक करायची सोय आहे, तिथं पण लॉस्ट आणि स्टोलन दोन्ही शब्द दिसतील, पोलिसांच्या कागदावर जे आहे तेच तिथं भरायचं. त्यासाठी १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या मोबाइलचा ओळख नंबर, लागतो, तो मोबाइल हातात आहे तोवरच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून घरच्या वहीत लिहून ठेवा. आणि मिस्ड हा शब्द तर चोरीसाठी अजिबात नाही, मिस्ड म्हणजे बस चुकली, कॉल चुकला, किंवा एखाद्याची आठवण आली.

स्टील आणि रॉब यातला फरक तर इंग्रजी शिकवणारे पण गडबडीत सांगून जातात, पण मराठी माणसाला तो आधीच येतो, फक्त आपल्याला येतो हे माहीत नसतं. आपण काय म्हणतो, पाकीट चोरलं, आणि माणसाला लुटलं. दुकानातून तेलाचा डबा चोरला, आणि दुकान लुटलं. बरोबर? तेच आहे. स्टीलनंतर वस्तू येते, रॉबनंतर माणूस नाहीतर जागा येते. "दे स्टोल हिज मनी" आणि "दे रॉब्ड हिम". घसरतो कुठं तर आपण "त्याचे पैसे लुटले" असंही म्हणतो, त्याचं "दे रॉब्ड हिज मनी" करतो, ते चूक. पैसे सांगायचेच असतील तर "दे रॉब्ड हिम ऑफ हिज मनी", मधे ऑफ येतो. आणि स्टीलसोबत कुठून हे सांगायला फ्रॉम, "दे स्टोल द केबल फ्रॉम माय फील्ड". स्टील फ्रॉम, रॉब ऑफ, ही जोडी दहा वेळा मोठ्यानं म्हणा, तोंडात बसते.

यात जोरजबरदस्तीचा पण भाग आहे. कापूस विकून रोख पैसे घेऊन माणूस गावाकडं परत येतो, नाल्याच्या पुलापाशी दोघं मोटरसायकल आडवी घालतात, चाकू दाखवतात, पैसे घेऊन पसार होतात, ही रॉबरी, पोलिसांच्या भाषेत जबरी चोरी. तोच माणूस बसस्टँडवर रसवंतीपाशी उभा असताना कोणी खिसा कापला तर ती साधी चोरी, थेफ्ट, आणि खिसा कापणाऱ्याला पिकपॉकेट म्हणतात. गळ्यातली पोत हिसकली तर स्नॅचिंग. हे स्नॅचिंग जुन्या भारतीय दंड संहितेत वेगळं कलम म्हणून नव्हतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात कलम ३०४ म्हणून आलं. साधी चोरी आता कलम ३०३ मध्ये आहे, जबरी चोरी ३०९ मध्ये, दरोडा ३१० मध्ये. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याच्या कागदावर ३७९ वगैरे जुनी कलमं दिसतील, घाबरू नका, ते तसंच असते.

दरोडा म्हणजे मोठी चोरी असं आपण समजतो, पेपर वाचून तसंच वाटते, पण कायद्यात तो डोक्यांच्या संख्येवर आहे, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा. चौघं असतील तर कितीही मोठी रक्कम नेली तरी रॉबरीच. इंग्रजीत त्याला डकॉइटी म्हणतात आणि हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला, डकैतवरून. लूट पण आपलाच, इंग्रजीत लूट म्हणजे लुटणं आणि लुटलेला माल दोन्ही. ठग पण आपलाच, पण तिकडं जाऊन त्याचा अर्थ बदलला. आपल्याकडं ठग म्हणजे गोड बोलून फसवणारा, आणि इंग्रजीतला थग म्हणजे मारझोड करणारा गुंड. बियाण्यात फसवणाऱ्या एजंटाला इंग्रजीत थग म्हटलं तर समोरच्याला वाटेल त्यानं तुम्हाला मारलं. त्याला चीट म्हणायचं.

आता आपल्या वावरातल्या गोष्टी, इथं स्टील कुठं चालतो आणि कुठं नाही हे समजणं सगळ्यात महत्त्वाचं. विहिरीवरची मोटर, केबल, स्प्रिंकलरचे नोझल, कोठ्यातली बकरी, या सगळ्यांना स्टील चालतो, कारण ह्या उचलून नेता येणाऱ्या वस्तू आहेत. आमच्या शेजाऱ्याच्या विहिरीवरची केबल नेली तेव्हा सकाळी धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, काळं वर्तुळ दिसत होतं, रात्रीच वरचं रबर जाळून आतलं तांबं काढून नेलं होतं, वास दुपारपर्यंत गेला नाही. "द केबल वॉज स्टोलन" एवढंच वाक्य, पण त्या माणसाचं हरभऱ्याचं पाणी आठ दिवस थांबलं, म्हणून अर्जात नुसतं स्टोलन लिहून थांबू नका, किती मीटर होती, कधी घेतली, बिल आहे का, तेही लिहा.

पण झाडावरची संत्री? वरुड-मोर्शीकडं मृग बहाराची संत्री तोडीला आली की रात्री जागलीला जावं लागते ते उगाच नाही. कायद्यात असं आहे की जमिनीला लागून असलेली गोष्ट तशीच असेपर्यंत तिची चोरी होत नाही, ती जमिनीपासून वेगळी केली, तोडली, कापली, की त्या क्षणापासून चोरी होऊ शकते. म्हणजे सागाचं झाड उभं आहे तोवर चोरीचा विषय नाही, चोरायच्या इराद्यानं बुडातून कापलं की झाली चोरी. त्यामुळं "दे कट अँड स्टोल" असं दोन्ही लिहिलं तर घटना नीट समजते.

आणि शेजाऱ्यानं नांगरताना दरवर्षी नांगराच्या दोन ओळींएवढा धुरा कोरला, चार वर्षांत तुमचं वावर पट्टाभर कमी झालं, तर मनात येते की यानं माझी जमीन चोरली. मराठीत रागानं म्हणा, हक्क आहे तुमचा. पण इंग्रजी अर्जात "ही स्टोल माय लँड" लिहिलं तर वाचणारा गोंधळतो, कारण जमीन उचलून नेता येत नाही, तिथं शब्द आहे एन्क्रोच. "ही हॅज एन्क्रोच्ड ऑन माय लँड." आणि त्याचं काम मोजणीपासून सुरू होते, चोरीच्या फिर्यादीपासून नाही. विजेचं पुन्हा वेगळं. तारेवर आकडा टाकणं याला इंग्रजीत सरळ थेफ्ट ऑफ इलेक्ट्रिसिटी म्हणतात आणि त्याला विद्युत कायदा २००३ चं कलम १३५ आहे, म्हणून नोटीसमध्ये थेफ्ट शब्द दिसला तर ते नेहमीचं चोरीचं कलम समजू नका.

व्यापाऱ्यानं उधारीवर तूर नेली आणि पैसे बुडवले, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. तूर तुम्हीच तुमच्या हातानं मोजून दिली ना, मग ते स्टील नाही. आधीपासूनच फसवायचा इरादा होता असं दिसत असेल तर चीटिंग, फसवणूक, कलम ३१८. बचत गटाचे किंवा सोसायटीचे पैसे ज्याच्या भरवशावर ठेवले त्यानंच खाल्ले, तर अपहार, इंग्रजीत एम्बेझल, आणि कायद्यात क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट, कलम ३१६. थोडं थोडं उचलत राहणं, गोदामातून रोज एक पायली, त्याला पिल्फर म्हणतात, आपली भुरटी चोरी.

घरफोडीचा शब्द बर्गलरी. हा आपल्या कायद्याच्या पुस्तकापेक्षा विम्याच्या पॉलिसीत जास्त दिसतो, तिथं हाऊसब्रेकिंग पण लिहिलेलं असते. कृषी केंद्र किंवा किराणा दुकान असणाऱ्यांनी हे दोनदा वाचा, बर्गलरीची पॉलिसी काढली म्हणजे सगळ्या चोऱ्या आल्या असं नाही. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं हरचंद राय चंदन लाल यांची केस आली होती, माल चोरीला गेला होता, पण पॉलिसीत बर्गलरी म्हणजे बळजबरीनं, फोडून आत शिरून केलेली चोरी असा अर्थ दिला होता, तशी तोडफोड झालेली नव्हती, आणि निकाल विमा कंपनीच्या बाजूनं लागला. म्हणून कुलूप तुटलं असेल तर "ब्रोक द लॉक", टिन उचकटलं असेल तर "ब्रोक इन थ्रू द रूफ", जे खरं घडलं ते लिहा, फोटो काढा, आणि पंचनामा होईपर्यंत तुटलेलं कुलूप फेकू नका.

संशयाबद्दल पण सांगतो. "ही स्टोल माय पंप" लिहिलं म्हणजे तुम्ही छातीठोक सांगितलं की यानंच नेला. डोळ्यानं पाहिलं नसेल तर "आय सस्पेक्ट" पासून वाक्य सुरू करा आणि संशय कशावरून ते लिहा. आणि थीफ हा शब्द माणसाच्या नावाला जोडताना तर हात आखडताच ठेवा. स्टील हे एकदा केलेलं काम आहे, थीफ हा माणसाला लागलेला शिक्का आहे, आणि असा शिक्का अख्ख्या जमातींवर मारायचं काम इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं केलं, जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण आपल्याकडं गावात काही चोरीला गेलं की अजून पारधी बेड्याकडं, म्हणजे त्यांच्या वस्तीकडं, बोट जाते आणि याचं मला फार वाईट वाटते. अर्जात कोणाची जात, बेडा, वस्ती लिहू नका, काय गेलं आणि काय दिसलं ते लिहा.

स्पर्धा परीक्षावाल्या पोरांसाठी थोडं म्हणींसारख्या वापराचं. चोरून पाहणे याला "स्टील अ ग्लान्स" हुबेहूब जमते, मन चोरलं याला "स्टोल माय हार्ट" पण जमते. चोरपावलांनी आत शिरला, "ही स्टोल इनटू द रूम", इथं काहीच चोरलं नाही, नुसता गुपचूप शिरला, स्टेल्थ शब्द याच घरातला. लग्नात नवरदेवापेक्षा करवलीच भाव खाऊन गेली तर "शी स्टोल द शो". आणि एखादी वस्तू फारच स्वस्तात पडली तर "इट वॉज अ स्टील", स्टीलच्या आधी अ लागला की अर्थ चोरी नाही, स्वस्तातला सौदा. पण अंग चोरणे, नजर चोरणे, कामचोर, यांना स्टील लावू नका. अंगचोरपणाला शर्क म्हणतात, नजर चोरण्याला "अव्हॉइड समवन्स आइज".

शेवटी काकाजींचं जे पत्र चाललं ते देतो, तारीख-वेळ तुमची टाका. "आय पार्क्ड माय मोटरसायकल निअर द कॅटल फीड शॉप अॅट द वीकली मार्केट अॅट अबाउट इलेव्हन ए एम. आय हॅड लॉक्ड द हँडल. व्हेन आय रिटर्न्ड अॅट ट्वेल्व्ह थर्टी, इट वॉज नॉट देअर. इट वॉज स्टोलन बाय अननोन पर्सन्स. आय रिपोर्टेड द थेफ्ट टू द पोलीस ऑन द सेम डे. द एफआयआर कॉपी अँड बोथ कीज आर एन्क्लोज्ड." पाहा, स्टोलन आणि थेफ्ट दोन्ही आले, आपापल्या जागी आले.

एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्या. गाडी सापडलीच नाही तर पोलिसांचा तपास बंद झाल्याचा कागद कंपनी मागते, आपल्याकडं त्याला अ समरी म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडीच्या चोरीचे पैसे मिळत नाहीत, हे पत्र लिहायच्या आधीच पाहून घ्या. आणि दुसरी किल्ली आजच शोधून ठेवा, आमच्या काकाजींची ती देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्तीच्या खाली सापडली होती.